कार्ड कोणाच्या पर्समध्ये? टोकियोतले पहिले सहा आठवडे

(केंद्राच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातलं थोडं गाळून इथे देत आहे.)



परदेशातून आलेली बाई बोलायला उभी राहिली की आता स्वच्छ रस्त्यांचं कौतुक ऐकावं लागणार, असं तुम्हांला वाटत असेल. ते मी आधीच उरकते. रस्ते स्वच्छ आहेत, गाड्या वेळेवर येतात, आणि रस्त्यावर कचऱ्याचा डबा सापडत नाही म्हणून केळ्याचं साल दिवसभर पिशवीत घेऊन हिंडावं लागतं. झालं.

२०२४ च्या सप्टेंबरात मी एका कारखान्याच्या कचेरीत दुभाषी म्हणून सहा महिन्यांसाठी टोकियोला गेले. जपानी शिकले ती पुण्यातच. आज बोलणार आहे ते फक्त पहिल्या सहा आठवड्यांबद्दल, कारण तेवढेच दिवस माणसाला सगळं दिसतं. पुढे सवय होते.

सुरुवात विमानतळापासून. तीन महिन्यांहून जास्त राहायला येणाऱ्याला तिथल्या तिथे एक कार्ड देतात. त्यावर फोटो, राहण्याचा दर्जा आणि काम करायची परवानगी आहे की नाही, हे छापलेलं असतं. चौदा दिवसांच्या आत वॉर्ड कचेरीत जाऊन त्यावर पत्ता नोंदवून घ्यायचा. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसानं हे कार्ड सतत जवळ बाळगायचं. नसेल तर तो गुन्हा. माझ्या कार्डावर मी काय काम करू शकते ते लिहिलं होतं. नोकरी करणाऱ्याची बायको म्हणून जी येते, तिच्या कार्डावर दर्शनी बाजूलाच ‘नोकरीस परवानगी नाही’ असं छापलेलं असतं. वेगळा अर्ज केला तर मागच्या बाजूला शिक्का मिळतो, आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत कामाचा. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कचेरीत मला पहिल्याच आठवड्यात अडवलं ते एका शब्दानं. नवऱ्याला जपानीत ‘शुजिन’ म्हणतात. शब्दशः मालक. दुसरीच्या नवऱ्याबद्दल विचारायचं तर ‘गोशुजिन’, म्हणजे आदरणीय मालक. स्वतःच्या बायकोला ‘कानाई’, घराच्या आतली. दुसऱ्याच्या बायकोला ‘ओकुसान’, तिच्यातही ‘आतली’ आहेच. मला हसू आलं, कारण आपल्याकडेही ‘आमचे मालक’ आणि ‘आमचं कुटुंब’ अजून हद्दपार झालेले नाहीत. पण दुभाष्याचं काम असं की समोरचा जे बोलेल ते आपल्या तोंडून बाहेर पडतं. दिवसातून चार वेळा मी कुणाच्या तरी नवऱ्याला मालक म्हणत होते आणि त्याचा पगार घेत होते.

माझ्या विभागातल्या वरिष्ठ बाईंच्या व्हिजिटिंग कार्डावर एक आडनाव आणि पासपोर्टवर दुसरं. जपानच्या नागरी कायद्याच्या ७५० व्या कलमानुसार लग्न करताना दोघांनी एकच आडनाव घ्यायचं असतं. कुणाचं, ते कायदा सांगत नाही. पण शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जोडप्यांत बदलते ती बायकोच. सर्वोच्च न्यायालयानं हे कलम २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये वैध ठरवलं. २०२५ च्या ऑक्टोबरात साने ताकाइची जपानच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. त्या स्वतः वेगळ्या आडनावांच्या विरोधातल्या. बाई खुर्चीत बसली म्हणजे बायांचं काम झालं, या समजुतीवर आपण याच खोलीत किती भांडलो आहोत, ते आठवा.

आता गाडीतला लेडीज डबा. टोकियोत बऱ्याच मार्गांवर सकाळच्या गर्दीच्या वेळी एखादा डबा बायकांसाठी असतो. पुरुष चढला तर कायद्यानं त्याला उतरवता येत नाही. सगळं सहकार्यावर चालतं. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्या मला तो डबा म्हणजे परीक्षेचा हॉल वाटला. पाठीला पाठ घासते आहे आणि आवाज नाही! आपल्या डब्यात शेंगा सोलल्या जातात, भिशी लागते, सासूचा उद्धार होतो, जागेवरून जुंपते. तिथली शांतता पर्यटकांना आवडते. पण गर्दीत हात लावणाऱ्याला ‘चिकान’ असा खास शब्द ज्या भाषेत आहे आणि ‘चिकान हा गुन्हा आहे’ अशी भित्तिपत्रकं स्टेशनवर लावावी लागतात, तिथे ही शांतता कोणाच्या सोयीची, हा प्रश्न मला रोज पडायचा. तिथल्या मोबाईलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, तोही चोरून फोटो काढणाऱ्यांमुळेच. ही शांतता तिथल्या बायांनीही मोडली आहे बरं. २०१९ च्या मार्चमध्ये बलात्काराचे आरोपी लागोपाठ सुटले, तेव्हा एप्रिलपासून दर महिन्याच्या अकरा तारखेला त्या हातात फुलं घेऊन रस्त्यावर उभ्या राहून बोलायला लागल्या. २०२३ च्या जुलैत कायदा बदलला. संमती नसणं हा गुन्ह्याचा पाया झाला आणि संमतीचं वय तेरावरून सोळा झालं.

टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाई नावाचा भाग आहे. तिथे आपल्याकडची सॉफ्टवेअरवाली कुटुंबं पुष्कळ राहतात. मी पोचले त्याच आठवड्यात, सात तारखेला, गणपती बसले. तिथे एका कुटुंबाच्या आरतीला गेले असताना प्रसाद वाढणारी एक बाई भेटली. तिची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. दीड वर्षापासून टोकियोत, शिकलेली, एक लहान मुलगी. बोलता बोलता मी माझं कार्ड दाखवलं, त्यावरचा फोटो किती भयंकर आलाय म्हणून. ती म्हणाली, “माझं यांच्याकडे असतं. माझ्याकडून हरवेल म्हणतात.”

मारतो का, वगैरे काही मी विचारलं नाही. केंद्रात बसणाऱ्या तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, पहिल्या भेटीत विचारायचा तो प्रश्न नव्हे. पण हिशेब बघा. कार्ड नवऱ्याकडे, म्हणजे ती भाजी आणायला बाहेर पडली तरी कायद्याच्या दृष्टीनं गुन्हेगार. ओळखपत्राशिवाय बँकेत खातं नाही, मोबाईल नाही. तिला कुलूप लावायची गरजच काय?

तिसऱ्या आठवड्यात सुट्टी होती. मी तिला म्हटलं, कामाकुराला येतेस का, देवळं बघायला? देवळाला जाणाऱ्या बाईला कोण अडवणार? मुलीला घेऊन ती आली. कामाकुरातला ब्राँझचा मोठा बुद्ध सगळे बघतात, आम्हीही बघितला. पण मला जायचं होतं ते किता-कामाकुरा स्टेशनजवळच्या टोकेईजी नावाच्या मठात. त्याला लोक ‘पळून जायचं देऊळ’ म्हणत.

१२८५ मध्ये काकुसान-नी या भिक्षुणीनं तो स्थापन केला. होजो तोकिमुने या सत्ताधीशाची ही विधवा. त्या काळी आणि पुढेही बायकोला सोडायचा हक्क नवऱ्याचा. तो साडेतीन ओळींची चिठ्ठी लिहून देई. आपली सोडचिठ्ठीच ती. ती हातात नसताना बाईनं दुसरं लग्न केलं तर तिचं मुंडण करून माहेरी पाठवत. अशा मुलखात हा मठ बाईला आसरा देई. आत राहून ठरावीक काळ, आधी तीन वर्षं, पुढे दोन, सेवा केली की नवऱ्याला चिठ्ठी द्यावीच लागे. पाठलाग होत असेल तर फाटकातून आत चप्पल फेकली तरी बाई आत पोचली असं धरत, अशी कथा सांगतात. तोकुगावा काळाच्या शेवटच्या दीडशे वर्षांत सुमारे दोन हजार बाया इथे आल्या असाव्यात, असा अंदाज आहे.

मला सगळ्यात आपलंसं वाटलं ते वेगळंच. आलेली प्रत्येक बाई मठात राहत नसे. फाटकाबाहेर सराया होत्या. तिथे तिला ठेवून दोन्हीकडच्या माणसांना बोलावणं जाई, बैठका होत, आणि बरेच नवरे तिथेच चिठ्ठी लिहून मोकळे होत. आपलं मंगळवारचं काम, दुसरं काय! मात्र उगाच भाबडं व्हायला नको. आत राहायला पैसे लागत. जास्त भरणारीला हलकी कामं, कमी भरणारीला धुणं-झाडणं.

त्या पायऱ्यांवर ती बराच वेळ बसून होती. मग तिनं एकच विचारलं, “आणि मुलं? मुलांचं काय करायच्या त्या?”

मुलं बहुधा बापाच्या घराण्यात राहत. आज काय, तेही तिला सांगितलं. तोपर्यंतच्या कायद्यानुसार घटस्फोटानंतर ताबा एकाच पालकाकडे जाई. २०२४ च्या मेमध्ये संयुक्त ताब्याची सोय करणारी दुरुस्ती मंजूर झाली, अंमल एप्रिल २०२६ पासून. मारहाणीतून सुटलेल्या बायांना त्याच माणसाशी पुन्हा बांधलं जाईल, म्हणून तिथल्या अनेक स्त्री-गटांनी तिला विरोध केला.

१८७३ मध्ये सरकारनं बायकांना कोर्टात घटस्फोट मागायची वाट दिली, आणि टोकेईजीचं हे काम त्या सुमारास संपलं. १८८८ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना पंडिता रमाबाई जपानात उतरल्या होत्या. पुढच्याच मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. एकीकडे दार मिटलं, दुसरीकडे उघडलं, अशी तारखांची ही जोडी मला परतीच्या गाडीत सुचली. जोडलेली मीच आहे, इतिहासानं नव्हे.

गाडीत तिला मी तीन गोष्टी लिहून दिल्या. एक, तिथला घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा २००१ चा आहे आणि त्याखाली मदत करताना राष्ट्रीयत्व बघायचं नाही, असं त्यातच लिहिलं आहे. दोन, #८००८ हा नंबर जवळच्या सल्ला केंद्राला जोडून देतो. सरकारचीच दुसरी एक सेवा चॅटवर चालते, तिथे इंग्रजी, नेपाळी अशा भाषाही चालतात. तीन, वॉर्डाचं वाचनालय.

वाचनालय कशाला, असं तुम्ही विचाराल. सभासद व्हायला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. मुलीला चित्रांची पुस्तकं हवीत म्हणून तिनं नवऱ्याकडे कार्ड मागितलं. त्यानं दिलं. सहाव्या आठवड्यात ती मला स्टेशनवर भेटली तेव्हा कार्ड तिच्या पर्समध्ये होतं, वाचनालयाच्या कार्डाला चिकटून. “परत मागितलं नाही का?” “मागितलं. म्हटलं, पुस्तकं बदलायला दर दोन आठवड्यांनी लागतं.”

तिच्या घरात पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही. पण आपल्याकडे लग्न ठरवून परदेशी निघालेल्या मुली येतात, त्यांच्या आया येतात. त्यांच्या हातात देण्यासाठी एक पानी पत्रक मी लिहून आणलं आहे: व्हिसा कोणत्या प्रकारचा, त्यावर काम करता येतं का, ओळखपत्र कोणाकडे राहणार, स्वतःचं खातं, परतीच्या तिकिटापुरते स्वतःचे पैसे, त्या देशातला मदतीचा नंबर. जपानचं मला माहीत आहे. आखाती देश आणि अमेरिका यांचा मजकूर तिथे राहून आलेल्यांनी भरायचा आहे. कागद मागच्या टेबलावर, चहाच्या किटलीशेजारी ठेवलेत. दुरुस्त्या पेन्सिलीनं करा, माझी अजून एकच प्रत टाईप झाली आहे.