रंग बदलणारा पापुद्रा आणि रोगजंतू



पेल्यातले पाणी स्वच्छ दिसते, तरी त्यात पटकीचे जंतू असू शकतात. ते आहेत की नाहीत हे ठरवायचे तर नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे, ही नेहमीची रीत. तिला एक-दोन दिवस लागतात. उलट पटकीच्या रोग्याला उपचार मिळाले नाहीत तर काही तासांत त्याचा प्राण जाऊ शकतो. रोग घोड्यावरून येतो आणि परीक्षा बैलगाडीतून! हे अंतर कमी करण्याचा एक प्रयत्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

निळा लिटमस आम्लात बुडवला की तांबडा होतो, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. जंतूंसाठी असा कागद का असू नये? कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या प्रयोगशाळेत डेबोरा चॅरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली इन्फ्लुएंझाच्या विषाणूवर असा प्रयोग यशस्वी करून दाखवला.

त्याची युक्ती समजण्यास अवघड नाही. डायॲसिटिलीन जातीचे काही रेणू साबणाच्या रेणूंसारखे असतात. त्यांचे डोके पाण्याकडे ओढ घेते, शेपटी पाण्यापासून दूर राहते. पाण्यावर पसरून हलकेच दाबले की ते दाटीने ओळीत उभे राहतात. मग त्यांवर अतिनील प्रकाश टाकला की शेजारी शेजाऱ्याचा हात धरतो आणि लांब साखळ्या तयार होतात. हा पापुद्रा काचेवर उचलून घेतला की निळा दिसतो.

आता आमिष लावायचे. इन्फ्लुएंझाचा विषाणू आपल्या पेशीत शिरण्यापूर्वी तिच्यावरील सायॅलिक आम्ल नावाची साखर पकडतो. तीच साखर पापुद्र्यातील काही रेणूंच्या डोक्यांवर बसवली. विषाणू आला, साखरेला बिलगला, आणि त्याचा ताण खालच्या साखळीला बसला. सरळ साखळी तांबडा प्रकाश गिळते, म्हणून ती निळी दिसते. वाकलेली साखळी हिरवा प्रकाश गिळते, म्हणून तांबडी दिसते. हा पालट नुसत्या डोळ्यांना दिसतो.

पटकीचे विष आतड्यावर कसे काम करते, हे कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ दे यांनी 1959 साली दाखवून दिले. हे विष आतड्याच्या पेशीवरील एका विशिष्ट स्निग्ध द्रव्याला चिकटते, असे पुढे कळले. बर्कलीच्या मंडळींनी तेच द्रव्य पापुद्र्यात घातले, आणि विषाच्या स्पर्शाने तोही तांबडा झाला. आमिष बदलले की पारध बदलते!

परंतु रंगावर भाळून चालणार नाही. असा पापुद्रा उष्णतेने किंवा मद्यार्कानेही तांबडा होतो. म्हणून आमिष नसलेला दुसरा तुकडा शेजारी ठेवावा. दोन्ही तांबडे झाले तर परीक्षा बाद समजावी. शिवाय जंतू थोडे असले तर रंग निळाच राहील, आणि अशा निळ्या रंगाच्या भरवशावर पाणी पिणारा फसेल. रंग हा साक्षीदार आहे, निवाडा प्रयोगशाळेने द्यावा. मात्र साक्षीदार वेळेवर धावत आला, तर निवाड्याची वाट न पाहता पाणी उकळता येते आणि रोग्याला मीठ-साखरेचे पाणी पाजायला लागता येते. या चिमुकल्या पापुद्र्याचे मोल आम्हांस वाटते ते एवढ्याचसाठी.