लहान संगणक आणि बाहेरची कोठी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने या विषयावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मला थोडे नवल वाटले. मी कलाशाखेचा पदवीधर. उभे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेलेले. परंतु प्रयोजन कळताच मी होकार दिला. मंडळाच्या कपाटातील पन्नास वर्षांचा ऐवज, म्हणजे सभांची इतिवृत्ते, गणेशोत्सवाची छायाचित्रे, नाटकांच्या ध्वनिफिती आणि चित्रफिती, संगणकावर उतरवून घ्यावयाचा आहे. आणि त्यासाठी घेतलेल्या संगणकाची अंगची साठवण आहे अवघी २५६ गिगाबाइट. फायली कोठे ठेवाव्यात, हा तर आम्हां सरकारी नोकरांचा जन्माचाच प्रश्न!

प्रथम हिशेब मांडू. इतिवृत्ताचे ए-फोर आकाराचे एक पान ३०० बिंदूंच्या घनतेने रंगीत उतरवले, तर मूळ स्वरूपात ते सुमारे २६ मेगाबाइट जागा घेते. जुन्या, फिकट अक्षरांसाठी घनता ६०० केली, तर तेच पान चौपट होऊन शंभराच्या वर जाते. एक तासाची ध्वनिफीत, कसलीही काटछाट न करता, सुमारे ६३५ मेगाबाइट. आणि मिनी डीव्ही प्रकारची एक तासाची चित्रफीत सुमारे १३ गिगाबाइट! अशा वीस फितींतच आपला संगणक ओसंडून जाईल. शिवाय त्यातली बरीच जागा कार्यप्रणालीने आणि प्रोग्रॅमांनी आधीच अडवलेली असते. (उत्पादक हजाराच्या पटीने मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीने, म्हणून २५६ चे २३८ आणि एका टेराबाइटचे ९३१ दिसतात. त्यावरून दुकानदाराशी हुज्जत घालू नये.)

तेव्हा बाहेरची साठवण जोडणे आले. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या फडताळात रोजचे डबे असत आणि वर्षाचे धान्य कोठीच्या खोलीत. तीच वाटणी येथे करावी. कार्यप्रणाली, प्रोग्रॅम आणि हाती असलेले काम आत. पुरे झालेले काम बाहेर. हलवताना मात्र आधी नक्कल करावी, बाहेरच्या प्रतीतील चार-दोन फायली उघडून पाहाव्यात आणि मगच आतल्या पुसाव्यात.

कोठी दोन जातींची मिळते. एक फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क आणि दुसरी, जिच्यात काहीच फिरत नाही अशी एसएसडी. पहिली स्वस्त आणि ऐसपैस, परंतु चालू असताना हातातून पडली तर वाचनशीर्ष तबकडीवर आपटून सगळेच संपण्याची भीती. दुसरी वेगवान आणि धक्का सोसणारी. मात्र विजेविना वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्यास तिच्यातील नोंदी क्षीण होऊ शकतात. म्हणून रोजच्या वापराला एसएसडी आणि जतनाला हार्ड डिस्क, असे माझे मत आहे. आयबीएमने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि एवढ्या सगळ्या थाटात मावत होती पन्नास लाख अक्षरे. आपल्या इतिवृत्ताचे एक रंगीत पानही तिच्यात बसले नसते!

जोडणीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. यूएसबीच्या खाचा दिसावयास सारख्या, परंतु आतली वाट कोठे पाणंद, तर कोठे हमरस्ता. जुन्या २.० जातीच्या खाचेतून दोनशे गिगाबाइट न्यावयाचे तर दीड तासाच्या वर वेळ लागतो. वेगवान एसएसडी योग्य खाचेला, योग्य तारेने जोडली, तर अनुकूल परिस्थितीत तेच काम चार-पाच मिनिटांत उरकते. तारही पारखून घ्यावी. नव्या सी आकाराच्या काही तारा केवळ जुन्याच वेगाच्या असतात.

दुसरी बाब डिस्कच्या आतल्या मांडणीची. फॅट-३२ या जुन्या मांडणीत चार गिगाबाइटहून मोठी फाइल ठेवताच येत नाही; म्हणजे आपली चित्रफीत दारातच अडेल. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालावयास हवे असेल तर एक्सफॅट घ्यावी. मात्र डिस्क काढण्यापूर्वी 'सुरक्षित काढा' ही आज्ञा द्यावीच. संगणक पुष्कळदा लिहिणे थोडे मागे ठेवतो. मधेच तार उपटली तर अर्धवट लिहिलेली फाइल हाती येते. एका कार्यालयात वर्षभराची छायाचित्रे अशीच घाईघाईने उपटलेल्या डिस्कवर वाचता येईनाशी झालेली मी पाहिली आहेत. दुसरी प्रत कोठेच नव्हती.

आणि येथेच माझ्या सांगण्याचा गाभा आहे. आतली जागा पुरत नाही म्हणून आपण ऐवज बाहेर नेतो, आतला पुसतो आणि सुरक्षित ठेवल्याच्या समाधानात राहतो. प्रत्यक्षात प्रत एकच असते. तिने फक्त घर बदललेले असते. बाहेरची डिस्क ही वाढीव जागा आहे, ती राखीव प्रत नव्हे. डिस्क एक घ्यावयाची असेल तर दोन घ्याव्यात, असे मी म्हणतो ते याचसाठी. खर्चाची कुरकूर होईल हे मी जाणून आहे. परंतु ज्या नाटकातले निम्मे कलावंत आज हयात नाहीत, त्याची ध्वनिफीत पुन्हा मुद्रित कशी करणार? परमुलखात मराठी रंगभूमी उभी करण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी जे केले, त्याचा तेवढाच पुरावा आपल्यापाशी आहे, आणि चुंबकीय फीतही जुनी होत चालली आहे.

इंटरनेटवरील साठवण आहेच; पण गूगल फुकट देते ते १५ गिगाबाइट, आपल्या एका चित्रफितीपुरते. शिवाय संगणकाशी जुळवून ठेवलेल्या अशा साठवणीत येथे पुसलेले तेथेही पुसले जाते. टोपलीतून काही दिवस परत काढता येते, नंतर नाही. निवडक छायाचित्रे सर्वांना दाखवावयास ती उत्तम. भांडार म्हणून तिच्यावर विसंबू नये.

माझी सूचना अशी. पहिली डिस्क मंडळाच्या संगणकाशेजारी राहावी. दुसरी या इमारतीत मुळीच नसावी. आग, पूर किंवा चोरी दोन्हींना एकदम गाठू नये. ती एखाद्या सभासदाच्या घरी, कोरड्या जागी, नावाची चिठ्ठी लावून ठेवावी. दर तीन महिन्यांनी ती आणून नवी भर घालावी आणि गणेशोत्सवाच्या तयारीच्या सुमारास दोन्ही डिस्क जोडून फायली उघडतात की नाही ते पाहावे. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसाकडे मात्र ती देऊ नये. दोन वर्षांत डिस्क गुवाहाटीला पोहोचावयाची! येथे कायम वास्तव्य असलेल्या ज्या कुटुंबांची ही जबाबदारी घेण्याची तयारी असेल, त्यांनी कार्यक्रमानंतर कार्यवाहांकडे नावे द्यावीत.