घर त्याचं, कर्ज दोघांचं

(जिल्हा मेळाव्यात एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला भाषणाची सवय नाही. केंद्रावर समोरची बाई बोलते आणि मी ऐकते. पण मागच्या बैठकीत विषय निघाला, की आपण पोटगीवर बोलतो, मुलांच्या ताब्यावर बोलतो, स्त्रीधनावर बोलतो, कर्जावर मात्र कोणी बोलत नाही. आणि त्यात हात भाजलेली मी इथेच बसलेली होते. म्हणून उभी राहिले.

२००९ साली आम्ही नाशिकमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. कर्ज १४ लाख, मुदत २० वर्षं, हप्ता १३,०५० रुपये. मी एका खाजगी शाळेत लिपिक. माझा पगार धरल्याशिवाय बँक एवढं कर्ज द्यायला तयार नव्हती, म्हणून मला सहकर्जदार केलं. सुरुवातीच्या रकमेसाठी माझ्या पाटल्या मोडल्या. कागदांवर जिथे जिथे पेन्सिलीने खूण केली होती, तिथे तिथे मी सही केली. काय लिहिलंय हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. घरात माझ्या पगाराला कधी कोणी पगार म्हटलं नाही, 'तुझे ते चार पैसे' म्हणायचे. बँकेने मात्र ते चार पैसे नीट मोजून घेतले होते.

२०१५ साली मुलीला घेऊन मी बाहेर पडले. का, ते आज सांगत नाही, तुमच्यातल्या पुष्कळजणींना न सांगता कळेल. २०१८ मध्ये संमतीने घटस्फोट झाला. संमतीच्या अटींमध्ये एक कलम होतं : फ्लॅटवर पत्नीचा हक्क राहणार नाही आणि उरलेलं कर्ज पती फेडेल. मी म्हटलं, जाऊ दे घर, सुटले एकदाची. वकीलसाहेबही म्हणाले, झालं, तुमचा कर्जाशी संबंध संपला.

संबंध संपला नव्हता. २०१९ साली मी स्वतःसाठी एक खोली-स्वयंपाकघर बघितलं आणि ११ लाखांच्या कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत गेले. हातात पगार यायचा ३४,००० रुपये. तिथल्या बाई सरळ होत्या, त्यांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला. पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत हप्ता चालतो, म्हणजे १७,०००. त्यातून जुन्या फ्लॅटचे १३,०५० वजा. उरले ३,९५०. एवढ्या हप्त्यात साडेचार लाखसुद्धा मिळत नाहीत. मी म्हटलं, तो हप्ता मी भरत नाही, तो भरतो, हा बघा कोर्टाचा हुकूम. त्या म्हणाल्या, "मॅडम, हा हुकूम तुम्हा दोघांमधला. बँक त्यात पक्षकार होती का?"

हे वाक्य मी केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ असं आहे, की दोघांनी मिळून देणं कबूल केलं, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास देणेकऱ्याला ते सगळं कोणाही एकाकडून मागता येतं. निम्मं तुझं, निम्मं त्याचं, असं नाही. कोर्टाने नवरा-बायकोचं नातं सोडवलं, बँकेशी बांधलेली गाठ तशीच राहिली.

वर दुसरी गोष्ट कळली. मधल्या काळात त्याने हप्ते थकवले होते. नोटिसा जुन्या पत्त्यावर जात होत्या, मला पत्ता नाही. माझ्या सिबिल अहवालात मात्र ते सगळं नोंदलेलं. हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो, माझा सहाशेच्या खाली गेला होता. ज्या बाईने वाण्याची उधारीसुद्धा कधी ठेवली नाही, ती कागदावर बुडवी ठरली. त्या रात्री मी रडले, घटस्फोटाच्या दिवशी रडले नव्हते.

मग जुन्या बँकेत गेले, माझं नाव काढा म्हणून. त्यांनी सांगितलं, त्यांचं एकट्याचं उत्पन्न पुरत नाही, तुमच्या जागी दुसरा सहकर्जदार आणा. तो आणणार कशाला? घर त्याच्याकडे, माझं नाव फुकट वापरायला मिळतंय. शेवटी थकलेले सहा हप्ते, ७८,३०० रुपये, मी भरले, बचत गटातून आणि भावाकडून घेऊन. कोणी म्हणेल मूर्खपणा केला. पण नाव माझं खराब होत होतं. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, तीही त्याने मला न विचारता घेतली. मला कळलं ते मोबाईलवरच्या निरोपातून. व्याज चढतच राहिलं.

सुटका झाली ती २०२१ मध्ये त्याने फ्लॅट विकायला काढला तेव्हा. हक्क सोडला तरी खरेदीखतावर माझं नाव होतंच, त्यामुळे माझी सही लागणार होती. पाच वर्षांत पहिल्यांदा फोन आला, आवाज एकदम मऊ. मी म्हटलं, सही देते, पण घेणाऱ्याचा चेक आधी कर्जखात्यात, आणि माझे ७८,३०० डिमांड ड्राफ्टने. कोर्टाच्या हुकमाप्रमाणे ते त्यानेच भरायचे होते, मी दान मागत नव्हते. मिळाले. पाटल्यांचे पैसे गेले ते गेले.

कर्ज फिटल्यावरही अहवालात ते चालूच दिसत होतं. बेबाकी दाखला जोडून लेखी तक्रार केली, पुन्हा केली, तेव्हा दुरुस्त झालं. आता एप्रिल २०२४ पासून नियम आहे, तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई. २०२२ च्या शेवटी माझं स्वतःचं कर्ज मंजूर झालं. १६ लाखांचं घर, माझ्या एकटीच्या नावावर. बाईच्या नावावर घर घेतलं की महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट २०२१ पासून आहे. माझे १६,००० वाचले, त्यातून भावाचे फेडले.

आता कार्यकर्त्यांसाठी थोडं. संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा आला की पोटगीच्या आकड्याआधी कर्जाचं विचारा. घराचं, गाडीचं, सोन्यावरचं, दिराच्या धंद्याला राहिलेली जामीनकी, सगळं. बाईला आठवत नसेल तर अहवाल मागवा. देशात अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, २०१७ पासून. 'कर्ज पती फेडेल' एवढ्या वाक्यावर समाधान मानू नका. तिचं नाव कर्जातून कमी केल्याचं बँकेचं पत्र दुसऱ्या अर्जाच्या आधी हातात हवं. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलंय. तोवर आपल्या बाजूला वजन असतं, नंतर ते उरत नाही. मी फ्लॅटवर पाणी सोडलं आणि कर्ज पाठीवर ठेवलं, उलट व्हायला हवं होतं.

आणि जिथे प्रकरण कोर्टात गेलेलं नाही पण नवरा घर परस्पर विकायच्या किंवा गहाण टाकायच्या बेतात आहे, तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली ते थांबवण्याचा हुकूम मागता येतो. आपल्या केंद्रात हे कलम राहण्याच्या हक्कासाठी वापरतात, यासाठी फार कमी.

बचत गटाच्या आणि छोट्या फायनान्सच्या कर्जाचा प्रश्न याहून वेगळा आहे. तिथे कर्ज बाईच्या नावावर असतं आणि मोटारसायकल नवरा घेऊन गेलेला असतो. त्यावर वेगळी बैठक घ्यावी लागेल.

चहानंतर मी मागच्या खोलीत बसते आहे. ज्यांनी हप्त्याचे कागद आणलेत त्यांनी ते घेऊन या. आणले नसतील तर कुठे कुठे सही केली होती तेवढं आठवून या.