कोणी पाठलाग करीत असेल तर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



निकाल आणि शिष्यवृत्त्या यांवर बोलून झाले आहे. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने अवघड आहे. आपल्या मागे कोणी येत आहे असे वाटले तर काय करावे, हा तो विषय.

शिक्षणाशी याचा संबंध काय, असे काही पालकांच्या मनात येईल. तो संबंध आम्हा शिक्षकांना हजेरीपत्रकात दिसतो. नववीपर्यंत नियमित येणारी मुलगी एकाएकी चार दिवस येत नाही, मग आठ दिवस येत नाही. चौकशी केली की, "आता तिला घरीच ठेवतो, सर," असे उत्तर मिळते. कारण कोणी सांगत नाही. पुष्कळदा कारण एवढेच असते की, वाटेत तिला कोणी तरी त्रास देत होते. अपराध एकाचा आणि शाळा सुटली दुसरीची! म्हणून हा विषय मी शिक्षणाचाच समजतो.

आपल्या भागाची परिस्थिती आपण जाणता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूची मुले एस.टी.ने, रिक्षाने, खाडीपलीकडची फेरीबोटीने शाळा-कॉलेजला येतात. थांब्यापासून घरापर्यंतची वाट नारळी-पोफळीच्या वाडीतून जाते. पावसाळ्यात दिवेलागणीपूर्वीच अंधारून येते. अनेक घरांतले कर्ते पुरुष कुवेत, कतार, दुबईला. घरी आई आणि आजी. अशा वेळी मुलांना स्वतःचे स्वतः सावध राहता आले पाहिजे.

प्रथम एक समजूत दूर करू या. पाठलाग करणारा म्हणजे कोणी परगावचा अनोळखी इसम, असे आपण धरून चालतो. ३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. सात दिवसांनी ती गेली. आरोपी तिच्याच गावचा होता. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. उरण तर आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे जुलै २०२४ मध्ये वीस वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. संशयावरून अटक झालेला माणूस ओळखीतला होता. ती अल्पवयीन असताना, २०१९ मध्ये, तिच्या वडिलांच्या तक्रारीवरून त्याच्याविरुद्ध गुन्हाही नोंदला गेला होता. त्या घटनेनंतर धर्मावरून पुष्कळ बोलले गेले. मी एवढेच म्हणेन की, मुलीच्या मागे जाणारा कोणत्या मोहल्ल्याचा आणि कोणत्या आळीचा हे पाहून आपण मत बनवू नये. तो आपल्यातला असेल तर आपली जबाबदारी उलट वाढते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. विद्यार्थ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे.

पहिली गोष्ट, संशयाची खात्री करा. खेड्यात रस्ता एकच असतो. मागून येणारा प्रत्येक जण वाईट हेतूनेच येतो असे नाही. एखाद्या दुकानापाशी थांबा, काही विकत घ्या आणि त्याला पुढे जाऊ द्या. ज्याला आपले काम आहे तो निघून जाईल. तोही थांबला, किंवा पुढे जाऊन पुन्हा तुमची वाट पाहत उभा राहिला, तर सावध व्हा. एकदा त्याच्याकडे सरळ पाहून घ्या. उंची, कपडे, पायांतले, मोटारसायकलचा नंबर लक्षात ठेवा. आपण पाहिले गेलो आहोत हे कळल्यावर काही जण तेथूनच मागे फिरतात.

दुसरी गोष्ट, माणसांत जा, उजेडात जा. जवळची म्हणून वाडीतली पायवाट धरू नका. घरी त्या वेळी कोणी नसेल तर घराकडेही जाऊ नका. रिकाम्या घरापेक्षा भरलेले दुकान बरे. दवाखाना, मशीद, एस.टी. स्टँड, धक्क्यावरची तिकीट खिडकी, ओळखीचे घर, जे जवळ असेल ते गाठा. एस.टी.त असाल तर कंडक्टरच्या जवळ बसा, त्याला सांगा आणि निर्जन थांब्यावर एकट्या उतरू नका. रिक्षात बसण्यापूर्वी तिचा नंबर घरी कळवण्याची सवय ठेवा.

तिसरी गोष्ट, मदत मागायची ती एका माणसाला उद्देशून मागा. गर्दीत नुसते "वाचवा" म्हटले तर प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी तरी जाईल. त्याऐवजी एकाजवळ जाऊन म्हणा, "चाचा, तो निळ्या शर्टातला माणूस स्टँडपासून माझ्या मागे येतोय. घरचे येईपर्यंत मला इथे बसू द्या." असे सांगितल्यावर पाठ फिरवणारा माणूस विरळा. अंगावर कोणी आलेच तर मात्र लाजू नका. मोठ्याने ओरडा, दप्तर टाकून द्या आणि पळा. वह्या पुन्हा मिळतील. स्वतःच्या बचावासाठी जरुरीपुरता प्रतिकार करण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेला आहे.

चौथी गोष्ट, ११२ हा क्रमांक पाठ करा. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशामक या सर्वांसाठी तो एकच आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. फोन लागताच आधी ठिकाण सांगा, मग प्रकार सांगा. आपल्याकडे काही वळणांवर आणि खाडीकाठी रेंज मिळत नाही, म्हणून रेंज आहे तोवरच फोन करा.

पाचवी गोष्ट नव्या काळातली आहे. आज पाठलाग फोनवरूनही होतो. रिचार्जच्या दुकानात दिलेला नंबर भलत्याच्या हाती जातो, मग अनोळखी निरोप सुरू होतात. आपण कोठे आहोत हे फोनवरून कोणाकोणाला दिसते, ते आजच तपासा. त्रास देणाऱ्याला एकदा, स्पष्ट शब्दांत "माझ्याशी संपर्क ठेवू नका" असे कळवा आणि पुढे उत्तर देऊ नका. वाद घातला तरी त्याच्या दृष्टीने तो संवादच असतो. पण निरोप पुसून टाकू नका, तो पुरावा आहे. एका वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि पाहणाऱ्यांची नावे लिहीत जा.

ही वही का, ते कायदा पाहिल्यावर कळेल. स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा २०१३ पासून मानला गेला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने पुनःपुन्हा मागे जाणे, संपर्क साधणे, किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे हा गुन्हा होय. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'पुनःपुन्हा' आणि 'नापसंती' या दोन गोष्टी दाखवण्यास ती वही आणि तो निरोप उपयोगी पडतो. अठरा वर्षांखालील मुलामुलींना २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. लैंगिक हेतूने मुलाच्या सतत मागे जाणे किंवा त्याच्यावर नजर ठेवणे हा त्याखाली गुन्हा आहे. हे संरक्षण मुलग्यांनाही आहे, हे पालकांनी विसरू नये.

पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हणून आपण बिचकतो. त्यासाठी काही माहिती सांगतो. पाठलागाची स्त्रीने दिलेली तक्रार स्त्री अधिकाऱ्याने नोंदवून घ्यावयाची असते. हद्द दुसरी आहे म्हणून परत पाठवता येत नाही. प्रथम खबरीची प्रत फुकट मिळते. पोक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, आणि जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा असा नियम आहे. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.

पालकांनो, आता थोडे तुमच्याशी. मुलगी घरी येऊन सांगते तेव्हा आपला पहिला प्रश्न असतो, "तू काय केलेस?" दुसरे वाक्य असते, "उद्यापासून शाळा बंद." काही ठिकाणी तर घाईने लग्न ठरते. हे पाहून तिची धाकटी बहीण काय शिकते? सांगायचे नाही, एवढेच शिकते. आणि जी सांगत नाही ती खरोखर एकटी पडते. म्हणून मुलीला आज, काहीही घडलेले नसताना, शब्द द्या की तू सांगितलेस तर तुझे शिक्षण थांबणार नाही. हा शब्द कोणत्याही कुलुपापेक्षा जास्त संरक्षण देईल. त्रास सुरू झालाच तर येण्याजाण्याची वेळ बदला, चार मुलींनी मिळून जाण्याची व्यवस्था करा, मुख्याध्यापकांना सांगा, पोलिसांना सांगा. अब्बा परदेशी असतील तर मामा किंवा चाचा बरोबर येतील. आम्ही शिक्षकही येऊ.

मात्र कायदा हातात घेऊ नका. त्या मुलाला मारहाण केली तर तक्रारदार बाप स्वतःच आरोपी होतो. अफवेचे परिणाम तर याहून भयंकर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. संशय आला तर माणसाला पोलिसांच्या ताब्यात द्यावे, जमावाच्या नव्हे.

शेवटी मुलग्यांना सांगतो. सिनेमात नायक मुलीच्या मागे मागे फिरतो आणि शेवटी ती हसते. प्रत्यक्षात ती घाबरलेली असते, रस्ता बदलते, पुढे शाळा सोडते. तिने नाही म्हटले की विषय संपला. आपला मित्र असे करीत असेल तर त्याच्याबरोबर मोटारसायकलवर मागे बसू नका, त्याला थांबवा. आणि रात्री वाटेत एकटी बाई पुढे चालत असेल तर आपण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जावे. तेवढ्याने तिची भीती निम्मी होते आणि आपले काही जात नाही.

येत्या वर्षी आमच्या हजेरीपत्रकातले एकही नाव या कारणाने कमी होऊ नये, एवढीच आपणा सर्वांकडून अपेक्षा ठेवतो आणि आपली रजा घेतो.