चौथ्या क्रमांकाचे मोल

(सालवड येथे पालक व युवक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



१४ ऑगस्ट २०१६. स्वातंत्र्यदिनाची पूर्वसंध्या. ब्राझीलमधील रिओ येथे ऑलिंपिकच्या जिम्नॅस्टिक्समधील महिलांच्या व्हॉल्ट प्रकाराची अंतिम फेरी चालू होती आणि एरवी या खेळाचे नावही न काढणारा आपला देश त्यासाठी जागा राहिला होता. त्रिपुराच्या दीपा कर्माकरला १५.०६६ गुण मिळाले. कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या खेळाडूचे गुण होते १५.२१६. अवघ्या ०.१५० गुणांनी पदक हुकले. दुसऱ्या दिवशी सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. पण हळहळ ओसरल्यावर विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ही मुलगी चौथ्या क्रमांकापर्यंत तरी पोहोचली कशी?

दीपाचा जन्म ९ ऑगस्ट १९९३ रोजी आगरताळा येथे झाला. वडील दुलाल कर्माकर हे भारोत्तोलनाचे प्रशिक्षक. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांनी मुलीला जिम्नॅस्टिक्सला घातले. तिचे तळपाय सपाट होते. धावून उडी घेणाऱ्या आणि उंचावरून पायांवर उतरणाऱ्या जिम्नॅस्टला हा मोठाच अडसर असतो. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी मुलीला परत पाठवले नाही. तिच्या पायांवर वर्षानुवर्षे मेहनत घेतली. आगरताळ्यात त्या काळी अद्ययावत साधनांची वानवा होती. जे हाताशी होते त्यावर सराव चालला आणि त्यात खंड पडला नाही.

फळ एकदम आले नाही. २०१४ मध्ये ग्लासगो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत जिम्नॅस्टिक्सचे पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत तिने व्हॉल्टची अंतिम फेरी गाठली. एप्रिल २०१६ मध्ये ती ऑलिंपिकला पात्र ठरली, तेव्हा १९६४ नंतर ५२ वर्षांनी एक भारतीय जिम्नॅस्ट ऑलिंपिकला निघाली होती आणि महिलांमध्ये तर ती पहिलीच होती.

तिने निवडलेली उडी होती 'प्रोदुनोव्हा'. वेगाने धावत यायचे, व्हॉल्टच्या मेजावर दोन्ही हात टेकून शरीर उंच फेकायचे, हवेत पुढच्या दिशेने दोन पूर्ण कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचे. जमीन नजरेस पडेपर्यंत उतरण्याची वेळ आलेली असते. फिरकी थोडी कमी पडली तर मान आणि पाठीचा कणा यांनाच धोका. त्यामुळे जगातील बहुतेक जिम्नॅस्ट या उडीच्या वाटेला जात नाहीत. रिओत दीपाने ती पूर्ण केली. मात्र उतरताना शरीर फार खाली गेले आणि तेथेच गुण कापले गेले. त्या उडीचे तिला १५.२६६ गुण मिळाले, पहिल्या उडीचे १४.८६६. दोन्हींची सरासरी म्हणजे तो चौथा क्रमांक.

त्या वर्षी दीपाला खेलरत्न आणि नंदी यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शिष्या आणि गुरू यांचा गौरव एकाच वर्षी व्हावा, हे उचितच झाले.

पुढचा प्रवास मात्र खडतर होता. २०१७ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये तुर्कस्तानातील मर्सिन येथे तिने विश्वचषक मालिकेतील स्पर्धेत सुवर्ण जिंकले. २०२१ मध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळले आणि २१ महिन्यांची बंदी आली. ते अजाणतेपणी शरीरात गेले, असे तिने सांगितले. पण बंदी स्वीकारली आणि भोगली. हा भागही मुलांना सांगितला पाहिजे. खेळाडूच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोळीची आणि चूर्णाची जबाबदारी अखेर खेळाडूवरच येते. बंदी संपल्यावर ती पुन्हा मैदानात उतरली आणि मे २०२४ मध्ये ताश्कंद येथील आशियाई स्पर्धेत तिने व्हॉल्टचे सुवर्णपदक पटकावले. भारतीय जिम्नॅस्टला हे यश प्रथमच लाभले. तेव्हा तिचे वय ३० होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने निवृत्ती घेतली. मधल्या काळात, टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, बंगालची प्रणती नायक तिच्या मागोमाग पोहोचली होती. वाट एकदा मळली की दुसरे पाऊल लवकर पडते.

महाराष्ट्राला हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने परदेशी प्रेक्षकांसमोर भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. पकड, तोल, लवचिकता आणि भीतीवर मात हे जिम्नॅस्टिक्सचे चारही पाठ लाकडाच्या त्या एका खांबावर मिळतात. त्याला परदेशी सामग्री लागत नाही.

आता सालवडचा विचार करू. तारापूरच्या कारखान्यांत पाळ्यांवर काम करणारी आणि बोईसरहून रोज लोकलने मुंबईकडे जाणारी येथील कुटुंबे कष्टाला अपरिचित नाहीत. तरीही मुलगी नववीत गेली की तिचे मैदान पहिल्यांदा सुटते. 'यातून तिला काय मिळणार?' असा प्रश्न घरातूनच येतो. पालकांची काळजी खोटी नाही. पण दीपाने खेळ सांभाळत पदवीनंतरचे शिक्षणही चालू ठेवले, हेही ध्यानात घ्यावे.

दीपाच्या घडणीला तीन गोष्टी लागल्या: रोज उघडणारी सरावाची जागा, वीस वर्षे शिष्येला न सोडणारा गुरू आणि मुलीला माघारी न बोलावणारे घर. पहिल्या दोन गोष्टी गावाने मिळून उभ्या करायच्या असतात. तिसरी प्रत्येकाच्या उंबरठ्याच्या आत आहे. तिच्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. संध्याकाळी मुलगी सरावाला निघाली की दार उघडे ठेवले, तरी पुरते.