वेगवान खुर्ची, गजबजलेला उतार

जहाजावर केळीचे घड चढवणारा यांत्रिक दोर जेम्स करन या अभियंत्याच्या परिचयाचा होता. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात युनियन पॅसिफिक रेल्वे सन व्हॅली हे स्कीइंगचे ठिकाण उभारत होती, तेव्हा करन यांनी आकड्यांना घडांऐवजी खुर्च्या टांगायचे सुचवले. १९३६ मध्ये जगातली पहिली चेअरलिफ्ट तिथे सुरू झाली.

या लिफ्टची खुर्ची दोराला कायमची आवळलेली असे. दोर फार जोरात पळवला, तर खुर्ची बसणाऱ्याच्या पोटऱ्यांवर आदळणार. कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजला १९८१ मध्ये डॉपेलमायर कंपनीची वेगवान चार-आसनी लिफ्ट आली. स्थानकात शिरताच तिच्या खुर्चीचा चिमटा दोरावरून सुटतो, खुर्ची रुळावरून माणसाच्या चालीने सरकते आणि माणसे बसली की चिमटा पुन्हा धावता दोर पकडतो. सेकंदाला सुमारे अडीच मीटरचा वेग पाच मीटरवर गेला. दीड किलोमीटरची चढण दहाऐवजी पाच मिनिटांत होऊ लागली.

मग वर दुप्पट माणसे पोचतात का? नाही. दर सहा सेकंदांनी चौघांची एक खुर्ची सुटत असेल, तर तासाला २४०० माणसेच जाणार, दोर संथ असो की वेगवान. बदलते ते एवढेच, की दहा मिनिटांच्या प्रवासात एका वेळी ४०० जण हवेत असतात आणि पाच मिनिटांच्या प्रवासात २००. उरलेले २०० जण रांगेत तरी येतात, नाहीतर उतारावर.

बोचऱ्या वाऱ्यात गारठणे निम्म्यावर येते, हे सुख मोठेच. पण दुपारपर्यंत मांड्या भरून येतात, उतारावर दाटी होते, बर्फ लवकर घासला जातो. शेजारच्या अनोळखी माणसाशी गप्पा रंगण्याआधीच वरचे स्थानक येते.

व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनला १९४८ पासून एकेकट्याने बसायची खुर्ची आहे. १९९५ मध्ये स्कीइंग करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेने हे ठिकाण विकत घेतले. लिफ्ट थकली तेव्हा सभासदांनी नवी वेगवान लिफ्ट आणली नाही. पैसे उभे केले आणि २००७ मध्ये तीच जुनी लिफ्ट नव्याने उभारली. वर माणसे थोडी जातात, म्हणून उतार मोकळे राहतात आणि नैसर्गिक बर्फ टिकतो.

प्रशस्त डोंगरांवर वेगवान लिफ्ट हवीच. मॅड रिव्हर ग्लेनच्या अरुंद, झाडीतल्या वाटांसाठी मात्र सभासदांचा निर्णयच योग्य होता.