वासोट्याच्या वाटेवरचा कोळसुंदा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"निवृत्तीनंतर काय करतोस?" हे सकाळपासून दहा जणांनी विचारलं. बामणोलीहून लाँचने वासोट्याला जाणाऱ्या पाहुण्यांबरोबर जातो आणि जंगलाविषयी चार गोष्टी सांगतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "वाघ दिसणार का?" मी म्हणतो, आधी कोळसुंद्याचं ऐका.

कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. तांबूस अंग, काळपट झुपकेदार शेपटी. कळपाला हाक द्यायची ती शीळ घालून. शिकार झाली की पिल्लांना आधी खाऊ देतात, आपल्याकडे लग्नात पोरांची पंगत आधी बसते तसं. शेपटीने लघवी उडवून तो सावजाला आंधळं करतो, ही आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट मात्र निव्वळ दंतकथा. १८३१ मध्ये कर्नल साइक्सने दख्खनच्या या प्राण्याचं वर्णन छापलं, तेव्हा 'कोळसून' हे मराठी नावही नोंदवलं. पुढे इंग्रजी अमलात त्याला मारणाऱ्यांना बक्षिसं मिळत. आज जगात पिल्लं देऊ शकणारे रानकुत्रे अडीच हजारांहून कमी असल्याचा अंदाज आहे.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ तिथे मोजकेच. सांबर-भेकरांवर वचक तो बिबट्याचा आणि कोळसुंद्याचा.

आणि या कोळसुंद्याला भय कुणाचं? आपल्याच कुत्र्यांचं! डिस्टेंपर, रेबीज हे रोग त्यांच्याकडून रानात जातात. कोळसुंद्यांचा कळप एकत्र राहतो, एकाच शिकारीवर जेवतो; एकाला लागण झाली की सगळे धोक्यात. हौशी मंडळी जलाशयाच्या काठापर्यंत कुत्रं घेऊन येतात. हटकलं की चिडतात, "आमच्या टॉमीला सगळ्या लसी दिल्यात." दिल्या असतील, छानच. पण त्यांनी टाकलेल्या हाडकांच्या वासाने जी गावची कुत्री रानाच्या कडेला येतात, त्यांना कुणी लस दिलीय?

आपल्यातले काही जण कोयनाकाठच्या गावांत नांदतात. गावात कुत्र्यांच्या लसीकरणाचं तेवढं मनावर घ्या. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं.

उद्या वासोट्याला येणाऱ्यांनी पहाटे साडेपाचला वाईच्या एसटी स्टँडवर जमावं. डबा आणा, खरकटं त्यातूनच परत आणायचं आहे.